पिवळी न होणारी कावीळ

पनवेलजवळच्या गव्हाणच्या नाक्यावर रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग लागते. त्या रांगेत कुणीतरी हमखास म्हणतं, "काळीज वेगळं बांधा हो, पोराला पायजे." खाटीक जो काळपट-तांबडा, चकचकीत तुकडा तराजूत टाकतो, ते असतं यकृत. तीच बाई पुढच्या लग्नात लेकीला निरोप देताना "माझ्या काळजाचा तुकडा" म्हणते आणि हात ठेवते छातीवर. संस्कृतात 'कालेय' म्हणजे यकृत. त्यावरून आलेलं काळीज आपण बोलता बोलता हृदयाला देऊन टाकलं, मूळ पत्ता जपला तो खाटकाने. 'काळजी'सुद्धा याच काळजाची लेक.

हा लेख खाटकाच्या काळजाविषयी आहे. माणसाचं ते भरतं सुमारे दीड किलो, पोटातला सगळ्यात मोठा अवयव. आणि त्याचा स्वभाव असा, की आतून दुखावलं तरी बोलत नाही. दुखण्याची जाणीव त्याच्या वरच्या आवरणाला असते, आतल्या भागाला जवळजवळ नसतेच. म्हणून वीस-वीस वर्षं आत पोखरण चालू असते आणि माणूस शेतावर, पोर्टावर, लोकलमध्ये धडधाकट फिरत असतो.

ही पोखरण करणाऱ्यांत अट्टल म्हणजे हिपॅटायटिस सी. जगात आज सुमारे पाच कोटी लोकांच्या अंगात तो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालाप्रमाणे भारतात त्यांची संख्या ५५ लाख.

कामला ते कावील

चरकाच्या काळापासून वैद्य 'कामला' म्हणत आले, त्याची कावीळ झाली. आमच्या आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, म्हणून गव्हाणात ती 'कावील'. "कावील झालीय पोराला, तेलाचा कय देव नको," हे वाक्य लहानपणी मी इतक्या घरांत ऐकलंय की त्याच्या पाठोपाठ उसाच्या रसाचा वास आठवतो.

पण कावीळ हे आजाराचं नाव नाही, ती खूण आहे. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृताने ते बाहेर काढलं नाही की डोळे पिवळे दिसतात, लघवी गडद होते. ही खूण दाखवणारे हिपॅटायटिसचे विषाणू पाच: ए, बी, सी, डी, ई. ए आणि ई दूषित पाण्यातून, अन्नातून येतात. बी, सी आणि डी रक्तातून.

आणि गंमत इथेच आहे. सी शिरला की दहातल्या आठ जणांना सुरुवातीला काहीच होत नाही. डोळे पांढरेशुभ्र, भूक व्यवस्थित. शंभरातले १५ ते ४५ जण सहा महिन्यांत त्याला आपोआप हुसकावूनही लावतात. बाकीच्यांत तो ठाण मांडतो, आणि त्यांच्यापैकी १५ ते ३० टक्क्यांचं यकृत वीस वर्षांत दगडासारखं होतं. त्याला सिरोसिस म्हणतात, आणि यकृताच्या कर्करोगाची वाट बहुतेक वेळा तिथूनच जाते. म्हणून कावीळ उतरवायला नेलेल्या पोरांत सी क्वचितच असतो. तो असतो ज्यांना कुठेही न्यावंसं वाटलं नाही त्यांच्यात.

हात धुतले, पाणी पिवळं

कावीळ उतरवण्याचा तो विधी मी जवळून पाहिलाय. पितळी परातीत चुन्याची निवळी. आधी तळहाताला कसलासा रस चोळायचा, मग हात त्या पाण्यात धुवायचे. बघता बघता पाणी पिवळं होतं आणि सगळे निःश्वास टाकतात: उतरली! त्यामागे साधं रसायन आहे. आंब्याच्या सालीच्या रसातलं द्रव्य चुन्याच्या संगतीत पिवळा रंग सोडतं. निरोगी माणसाने हात धुतले तरी पाणी पिवळंच होणार. चुन्याच्या या करामती आपल्या घरात नवीन नाहीत. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आणि कुंकू बनतं ते त्याच जोरावर.

दुसरा प्रकार माळेचा. कसल्याशा ओल्या काड्यांच्या तुकड्यांची आखूड माळ डोक्यावर ठेवतात, ती दिवसागणिक वाढत गळ्यात, मग पोटावर उतरते. काड्या वाळून बारीक होतात, दोऱ्याच्या गाठी सैलावतात, म्हणून माळ लांबते. पोरगं बरं होतं हेही खरं, कारण ए आणि ई बहुतेकांना काही आठवड्यांत आपसूक सोडून जातात. माळ घालणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मला भीती आहे ती वाया जाणाऱ्या दिवसांची. गरोदर बाईला ई झाला असेल तर ते दिवस जीवावर बेततात. शेवटच्या तिमाहीत त्यातल्या पाचातली एक दगावू शकते.

मग आपली झाडपाल्याची औषधं अगदीच बिनकामाची का? भुईआवळीची गोष्ट ऐका. पावसाळ्यात बांधावर उगवणारी, पानांखाली मोहरीएवढी फळं लपवणारी ही वनस्पती. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की हिपॅटायटिस बी वाहणाऱ्या ३७ जणांना भुईआवळी दिली, त्यातल्या २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. जगभर खळबळ उडाली. पुढे इतरांनी हाच प्रयोग केला, तेव्हा तसा गुण आला नाही. पण या कामात ज्यांनी जातीने लक्ष घातलं, ते होते बारुक ब्लमबर्ग, म्हणजे हिपॅटायटिस बी शोधून काढणारे आणि त्यासाठी १९७६चं नोबेल मिळवणारे. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला बांधावरचं रोप तपासून बघावंसं वाटलं, याचं मला फार कौतुक आहे. त्यांचा वाढदिवस २८ जुलै, म्हणून तोच जागतिक हिपॅटायटिस दिन.

तिसऱ्या नीट उकळा

पनवेलच्या खाडीकाठी राहणाऱ्यांसाठी हा मुद्दा खास. १९८८च्या सुरुवातीला चीनमध्ये शांघायला सुमारे तीन लाख लोकांना हिपॅटायटिस ए झाला. कारण, अर्धवट उकडलेल्या शिंपल्या. शिंपल्यांच्या पोटात दिवसभर पाणी गाळलं जातं. पाण्यात मैला असेल तर विषाणू आत साठत राहतात. गरम पाण्यातून नुसत्या काढून खाल्ल्या की ते जिवंत पोटात जातात. आमच्याकडे तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, रात्रभर पाण्यात ठेवून माती सोडवतात, मग शिंपी उघडून रस्सा खळाखळा उकळेपर्यंत चुलीवरून उतरवत नाहीत. आजीला विषाणू ठाऊक नव्हता, पण तिचं कालवण त्याला पुरून उरणारं होतं.

पुण्याच्या फ्रीजरमधलं रक्त

ही गोष्ट मराठी माणसाला माहीत असायलाच हवी. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६, दिल्ली. यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी पिण्याचं पाणी उचलायच्या जागेपर्यंत उलटं पोचलं. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढवलं, त्यामुळे टायफॉइड वाढला नाही, पण २९ हजारांहून जास्त लोकांना कावीळ झाली. सगळ्यांनी मानलं, ए असणार. त्या साथीतल्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने मात्र कुणीतरी जपून ठेवले.

पंचवीसेक वर्षांनी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतले श्रीनिवासन, प्रसाद आणि डॉ. खोर्शेद पावरी यांनी अमेरिकेतल्या वाँग आणि पर्सेल यांच्या साथीने दिल्लीचे ते नमुने, शिवाय अहमदाबाद आणि पुण्यातल्या साथींचे नमुने तपासले. निकाल आला: ए नाही, बी नाही. काहीतरी तिसरंच. १९८०च्या 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं, आणि ज्याला पुढे हिपॅटायटिस ई नाव मिळालं त्याचा माग लागला. पावरीबाई त्या संस्थेच्या पहिल्या महिला संचालक. पुढे ई विषाणूवर डॉ. विद्या अरणकल्ले यांनी त्याच संस्थेत आयुष्य घातलं.

ई प्रत्यक्ष दिसला तो आणखी धाडसाने. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन घेतला, आजारी पडले आणि मग स्वतःच्याच विष्ठेत विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. १९८३मध्ये ते प्रसिद्ध झालं. हे वाचून मी पाण्याचा पेला बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

सीला नाव मिळालं त्या वर्षी

१९७०च्या दशकात अमेरिकेत हार्वे ऑल्टर यांच्या लक्षात आलं, की रक्त चढवलेल्या रुग्णांना होणारा यकृतदाह ना एचा असतो ना बीचा. त्याला नावही तेच पडलं: 'ना ए, ना बी'. पंधराएक वर्षं आजार होता, विषाणू सापडत नव्हता. मग कायरॉन कंपनीत मायकेल हाउटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी बाधित चिंपांझीच्या रक्तातून जनुकांचे असंख्य तुकडे काढले आणि रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं कुठल्या तुकड्याला चिकटतात ते बघत बसले. एक तुकडा सापडला. १९८९मध्ये हिपॅटायटिस सी हे नाव छापून आलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आमच्या शेजारी न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. म्हणजे या पट्ट्यात ज्यांचं वय बंदराएवढं, त्यांच्या जन्माआधी या आजाराला स्वतःचं नावही नव्हतं.

२०२०चं नोबेल ऑल्टर, हाउटन आणि चार्ल्स राइस या तिघांना मिळालं. हाउटन यांनी त्याआधी २०१३मध्ये कॅनडाचा मानाचा गेर्डनर पुरस्कार नाकारला होता, कारण त्यात चू आणि कुओ यांची नावं नव्हती. माझ्या मनात त्या नकाराची किंमत पुरस्कारापेक्षा मोठी आहे.

दिवसाला एक लाख कोटी

हा विषाणू एका रुग्णाच्या अंगात दिवसाला सुमारे एक लाख कोटी नव्या प्रती काढतो. घाईघाईत नक्कल करणाऱ्यासारख्या त्याच्या चुका होतात, त्या तपासायची सोय त्याच्याकडे नसते, म्हणून प्रत्येक पिढी थोडी वेगळी. लस अजून नाही ती मुख्यतः याचमुळे. बीची लस आहे, आणि ती लहान मुलांना सरकारी लसीकरणात मिळते.

त्याच्या आठ मुख्य जाती आहेत. भारतात तिसरी सर्वांत जास्त, आणि ती यकृतात चरबी साठवते. आठवी जात २०१८मध्ये जगासमोर आली, तीही मूळच्या पंजाबच्या रुग्णांत.

डेंग्यू आणि पीतज्वर हे सीचे भाऊबंद. ते डासावर बसून गावभर हिंडतात. सी मात्र डासातून पसरत नाही. एका ताटात जेवल्याने नाही, मिठी मारल्याने नाही, खोकल्याने नाही, आईच्या दुधातूनही नाही. कुणाला सी आहे म्हणून त्याचा पेला वेगळा ठेवणारी माणसं मी पाहिलीत, आणि त्या पेल्याचं दुःख आजाराहून जास्त होतं.

डीबद्दल एकच ओळ: त्याला स्वतःचं कवच नसतं, बीचा सदरा उसना घालूनच तो पेशीत शिरतो, म्हणून बीची लस घेतली की डीसुद्धा दाराबाहेर.

सुई, बाटली, वस्तरा

आता सी कुठून येतो ते. जुन्या कंपाउंडरकडे स्टीलची चपटी पेटी असायची. तिच्यात काचेची सिरिंज, दोन-तीन सुया आणि चिमटा. स्टोव्हवर पाणी उकळायचं, चिमट्याने सुई काढायची, टोचायची, परत पाण्यात. रांग मोठी असली की उकळणं कमी व्हायचं. सिरिंजमध्ये अडकलेल्या रक्ताच्या थेंबात हा विषाणू प्रयोगशाळेत ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडलाय.

याची सगळ्यात मोठी किंमत मोजली इजिप्तने. नाईल नदीतल्या कृमींचा आजार घालवायला १९५०च्या दशकापासून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सरकारने गावोगाव इंजेक्शनं दिली. हेतू चांगला होता, सुया त्याच त्या होत्या. एक आजार हटवताना देशभर दुसरा पेरला गेला. आता पुढचं बघा. २०१८-१९मध्ये त्याच इजिप्तने सात महिन्यांत जवळजवळ पाच कोटी लोकांचं रक्त तपासलं, सापडलेल्यांना औषध दिलं, आणि २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सी संपवण्याच्या वाटेवरचा देश म्हणून त्याला सुवर्ण दर्जा दिला.

रक्ताच्या बाटलीचं उदाहरण साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, फक्त तो विषाणू बी होता. १९८२मध्ये 'कुली' सिनेमाच्या चित्रीकरणातल्या अपघातानंतर अमिताभ बच्चन मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात होते. त्यांनी स्वतः सांगितलंय, की सुमारे २०० रक्तदात्यांच्या ६० बाटल्या त्यांना चढवल्या, त्यातल्या एकीत हिपॅटायटिस बी होता, आणि तो कळला अठराएक वर्षांनी, यकृताचा तीनचतुर्थांश भाग गेल्यावर. २०१७मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेचे हिपॅटायटिससाठीचे सदिच्छादूत झाले.

आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८पासून बंदी आली, आणि दान केलेल्या प्रत्येक बाटलीची सीसाठी तपासणी सक्तीची झाली २००१-०२च्या सुमारास. त्याआधी बाळंतपणात, ऑपरेशनात किंवा अपघातात ज्यांना बाटली चढवली, त्यांनी एकदा तपासून घ्यावं. डायलिसिसवर असलेल्यांनी, थॅलेसेमियाच्या मुलांनी, जत्रेत एकाच सुईने टॅटू काढलेल्यांनीही.

आणि न्हावी. आमच्या सलूनवाल्याची ती हालचाल मला फार आवडते: कागदातलं नवं ब्लेड तो कागदासकट दुमडतो, कट् असा आवाज होतो, अर्धं ब्लेड वस्तऱ्यात सरकवतो, उरलेलं अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी कागदात. तो कट् ऐकू आला नाही तर बिनधास्त विचारावं. घरातही रेझर, नेलकटर आणि दात घासायचा ब्रश ज्याचा त्याचा.

एक गोळी हजार डॉलर

डिसेंबर २०१३मध्ये अमेरिकेत सोफोस्बुविर ही गोळी बाजारात आली. ज्यांनी ती शोधली त्या मायकेल सोफिया यांचंच नाव तिच्यात गुंफलंय. त्याआधीचा इलाज म्हणजे वर्ष-वर्षभर इंटरफेरॉनची इंजेक्शनं, सतत तापासारखी अंगदुखी, खचलेलं मन, आणि इतकं सोसून बरं होण्याची खात्री नाही. नवी गोळी दुसऱ्या औषधाच्या जोडीने बारा आठवडे घेतली की ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात. किंमत मात्र एका गोळीला १००० डॉलर. ८४ दिवसांचे ८४ हजार, म्हणजे तेव्हाच्या दराने पन्नास लाखांच्या वर. लिव्हरपूल विद्यापीठातले अँड्र्यू हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये हिशेब मांडला, की हे बारा आठवड्यांचं औषध तयार करायला ६८ ते १३६ डॉलर पुरतात.

२०१४मध्ये भारतीय कंपन्यांना ते बनवायचा परवाना मिळाला. त्यात १९३५ साली मुंबईत सुरू झालेली सिप्लाही होती. २०१५मध्ये २८ गोळ्यांची डबी सुमारे वीस हजारांना दुकानात आली आणि पुढे उतरतच गेली. परदेशातले रुग्ण विमानाचं तिकीट काढून औषध न्यायला भारतात येऊ लागले. २८ जुलै २०१८ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि ज्या औषधाला पन्नास लाख पडायचे ते सरकारी केंद्रात फुकट मिळू लागलं. तपासणीही फुकट. रायगडकरांनी विचारायची पहिली जागा म्हणजे अलिबागचं जिल्हा रुग्णालय.

या गोळीने काय काय शक्य झालं त्याचा एकच नमुना देतो. पेनसिल्व्हेनियातल्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाची वाट बघणाऱ्या दहा रुग्णांना, त्यांच्या संमतीने, सी असलेल्या दात्यांची मूत्रपिंडं बसवली आणि नंतर औषध दिलं. दहाच्या दहा जण सीमधून बरे झाले. २०१७मध्ये हे प्रसिद्ध झालं. जी मूत्रपिंडं फेकली गेली असती ती माणसांच्या कामी आली.

एक गोष्ट रुग्णांना नेहमी गोंधळात टाकते. बरं झाल्यावरही साध्या तपासणीत रेघ उमटतच राहते, कारण ती विषाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती बहुधा कायम राहतात. विषाणू खरोखर आहे का, हे दुसरी, आरएनएची तपासणी सांगते. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी ती कोरी आली की माणूस बरा. पण देवीसारखं एकदा होऊन गेलं की पुन्हा नाही, असं इथे नसतं. परत दूषित सुई टोचली तर सी परत येतो.

माझ्या आत्याला १९९४च्या बाळंतपणात दोन बाटल्या चढवल्या होत्या. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मीच मागे लागलो. ती म्हणाली, "मला कय धार भरलीय?" तरी आली. बोटाला टोचलं, थेंब पांढऱ्या पट्टीवर टाकला, वर दोन थेंब औषध. वीस मिनिटं थांबायचं होतं. आत्या पूर्ण वेळ त्या पट्टीकडे न बघता शेजारच्या बाईशी जिताड्याच्या भावावर बोलत होती, आणि मी पट्टीवरून नजर काढत नव्हतो. तांबूस ओल हळूहळू वर चढली. एक रेघ आली, वरची, तपासणी नीट झाल्याची. तिच्या खाली जागा पांढरी राहिली. वीस मिनिटांनीही पांढरीच.

"जाला?" आत्याने विचारलं, आणि पदराने बोट पुसलं.